बास वर कधी पाहतो: पाण्यावरच्या ल्यूरचा हंगाम, वेळ आणि हवामान

लार्जमाऊथ बासचा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असतो आणि तोंड वरच्या अंगाला उघडतं. खाली दबा धरून वरच्या भक्ष्यावर झडप घालणारा मासा आहे, हे त्याच्या घडणीवरूनच कळतं. तरीही वर्षातले कितीतरी दिवस पाण्यावर चाललेल्या ल्यूरकडे, म्हणजे गळ लावलेल्या खोट्या भक्ष्याकडे, तो ढुंकूनही पाहत नाही, आणि मग एखाद्या दिवशी दर चौथ्या फेकीला पाणी फुटतं. बहुतेक जण याचं श्रेय किंवा खापर महिन्यावर आणि घड्याळावर ठेवतात. ‘मे महिना चांगला’, ‘पहाट चांगली’ यात खोटं काही नाही, पण ते अर्धंच आहे. माशाला महिना कळत नाही. त्याचं वर येणं तीन गोष्टींवर ठरतं: अंगात झेपावण्याइतकी ऊब आहे का, खाणं वर आहे का, आणि तिथवर जाणं परवडतं का. तिन्ही जुळलं तर भर दुपारीही ल्यूर गिळला जातो. एक जरी हुकलं तर झुंजूमुंजू होताना पाण्यावर पोचूनही हात रिकामे राहतात.

इथे बास म्हणजे उत्तर अमेरिकेतले लार्जमाऊथ, स्मॉलमाऊथ आणि स्पॉटेड हे तीन भाऊबंद. जिथे त्यांच्यात फरक पडतो तिथे नाव घेऊन सांगितलं आहे.

आधी थर्मामीटर

बासच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर बदलतं. पाणी थंड तर पचन मंद, भूक कमी आणि एका झेपेवर ताकद खर्च करायची तयारीही कमी. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर पाण्यावरचा ल्यूर डब्यातच बरा. १३ ते १५ अंशांत एखादा मासा येतो, तोही ल्यूर बराच वेळ एका जागी ठेवला तर. खरी सुरुवात १५-१६ अंशांना होते. अमेरिकेतले लोक ‘साठ अंश’ म्हणतात ते हेच, फॅरेनहाइटमध्ये. १८ ते २७ हा सगळ्यात भरवशाचा पट्टा. २९-३०च्या पुढे मासा वर येतो, पण दिवसातला थोडाच वेळ.

आकडा एकच असला तरी तो चढताना आला की उतरताना, याने अर्थ बदलतो. वसंतात १५ अंशांवर पोचलेला मासा हिवाळ्याच्या सुस्तीतून नुकता बाहेर पडत असतो. शरद ऋतूत १५ अंशांवर आलेला मासा गेले कित्येक आठवडे खादाडी करत असतो आणि समोर हिवाळा उभा असतो. म्हणून शरदात १२ अंशांनाही बझबेटवर (फिरत्या पात्याने पृष्ठभाग घुसळत चालणाऱ्या ल्यूरवर) मासा लागतो, वसंतात त्याच तापमानाला सहसा नाही.

मोजताना होणारी चूकही ठरलेली आहे. धक्क्याजवळ एकदा मोजून दिवसभर तोच आकडा धरतात. वसंतातल्या उन्हात उत्तर किनाऱ्याच्या उथळ, वाऱ्यापासून आडोशाच्या खाडीत पाणी मुख्य तळ्यापेक्षा २-३ अंशांनी गरम सापडतं. मासे तिथेच सरकलेले असतात. ज्या जागी ल्यूर पडणार, तिथलंच तापमान घ्यायचं.

वसंत: दुपार आधी, पहाट नंतर

वसंतात ‘पहाटे जा’ हा सल्ला बऱ्याचदा चुकतो. रात्रभर थंड झालेलं उथळ पाणी पहाटे सगळ्यात गार असतं. दुपारी २ नंतर सूर्यास्तापर्यंत ते सगळ्यात ऊबदार. पाणी रात्रीही १८ अंशांच्या खाली उतरेनासं झालं की मग पहाटेला किंमत येते.

साधारण १६ ते २० अंशांना बासची वीण चालते. नर उथळ तळावर घरटं साफ करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण नर करतो. या दिवसांत तो ल्यूरवर येतो तो भुकेने नव्हे, राखण म्हणून. त्यामुळे तो बऱ्याचदा नुसता ढुशी देतो किंवा ल्यूर तोंडात धरून बाजूला नेऊन सोडतो. नर घरट्यावरून उचलला की सनफिशसारखे मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. म्हणून घरट्यावरचा नर लागलाच तर त्याच जागी लगेच सोडावा, वजन-फोटो करत बसू नये. अमेरिकेच्या काही राज्यांत आणि कॅनडाच्या काही प्रांतांत या काळात बंदी किंवा खास नियम असतात. जाण्याआधी ते वाचून घ्यायला हवेत.

पाण्यावरच्या ल्यूरचा खरा सण वीण संपल्यावर सुरू होतो, आणि त्याला तीन कारणं आहेत. पहिलं, नर अजून पिल्लांच्या काळसर ढगाभोवती घिरट्या घालत असतो. ही पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात, बुडक्या झाडाला किंवा लव्हाळ्याला धरून असतात. त्यांच्यावरून पॉपर (खोलगट तोंडाने पाणी उडवणारा ल्यूर) किंवा छोट्या पंख्याचा प्रॉप बेट दोनदा-तीनदा नेला की नराला राहवत नाही.

दुसरं, बासचं खाणं असलेल्या लहान, चंदेरी शॅड माशांची वीण. पाणी १८ ते २२ अंशांच्या आसपास आलं की शॅडचे थवे रात्री उशिरापासून सकाळपर्यंत दगडी बांध, तरंगते धक्के, गवताची कड अशा जागांना घासत अंडी घालतात. बास त्यांच्या मागेच असतो. ओळखायची खूण सोपी: बांधाच्या अगदी कडेला पाणी थरथरतं, चांदीसारखे तुकडे चमकतात आणि दगडांवर बगळे ओळीने उभे असतात. बझबेट कडेला समांतर फेकावं, दगडापासून हातभर अंतरावर. कडेशी काटकोन करून फेकलं तर ल्यूर कामाच्या पट्ट्यात दोन सेकंदच राहतो. आणि हा बाजार लवकर उठतो. ऊन पाण्यावर पडलं की बऱ्याचदा तासाभरात सगळं शांत होतं. ढगाळ दिवशी तो लांबतो.

तिसरं, ब्लूगिल या लहान सनफिशची घरटी. पाणी २० अंशांच्या वर गेलं की उथळ, कडक तळावर ताटल्या मांडल्यासारखी वर्तुळं शेजारी शेजारी दिसू लागतात. मोठे बास या वस्तीच्या खोल बाजूला घुटमळतात. इथे पॉपर संथ चालवायचा. तो टाकला की पाण्यावर उठलेले तरंग विरेपर्यंत हलवायचा नाही, मग एक ‘ब्लुप’, पुन्हा शांतता. घाई करणाऱ्याला इथे लहान मासेच मिळतात.

उन्हाळा: उजेड आणि सावली

बासला पापण्या नाहीत आणि बाहुली आकुंचन पावत नाही. यावरून ‘ऊन त्याच्या डोळ्यांना खुपतं’ अशी समजूत पसरली आहे. तसं नाही. त्याचा डोळा उजेडाशी जुळवून घेतो, फक्त आतल्या पडद्यातल्या पेशी सरकवून, आणि त्याला वेळ लागतो. पहाटे आणि दिवेलागणीला शिकाऱ्याला फायदा मिळतो, कारण अंधूक उजेडात त्याला भक्ष्य दिसतं आणि भक्ष्याला तो उशिरा दिसतो. वर आकाश उजळ आणि खाली पाणी काळं, अशा वेळी पाण्यावरच्या प्रत्येक गोष्टीची काळी आकृती खालून उठून दिसते. उन्हाळ्यात या वेळा जमून येतात त्याचं दुसरं कारण तापमान: पहाटेचं उथळ पाणी दिवसातलं सगळ्यात गार असतं.

खालून वर पाहताना माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतूनच दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे ही खिडकी साधारण ९७ अंशांच्या शंकूएवढी असते. मासा १ मीटर खोल असेल तर पृष्ठभागावर तिचा व्यास सव्वादोन मीटर. ३ मीटर खोल असेल तर पावणेसात मीटर. आणि ३० सेंटीमीटर पाण्यात पडून असेल तर जेमतेम ७० सेंटीमीटर. खिडकीबाहेर पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. तिथे त्याला ल्यूरचा बुडालेला भाग आणि हललेलं पाणी तेवढं जाणवतं. गुडघाभर पाण्यातल्या ओंडक्याशेजारी ल्यूर वीतभर अंतरावर पडला पाहिजे असं जाणकार सांगतात, त्यामागे हेच गणित आहे. उलट, नितळ पाण्यात ५ मीटरवर असलेल्या माशासाठी नेम एवढा महत्त्वाचा नाही. त्याला दूरवरचंही दिसतं.

दुपार झाली की सगळं संपत नाही, जागा बदलतात. पाणवनस्पतींची पृष्ठभागावर जमलेली चटई म्हणजे छप्परच. खाली सावली, भोवती ब्लूगिल आणि बेडूक. अलाबामातल्या गंटर्सव्हिलसारख्या तलावांत उन्हाळ्याच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत या चटयांवर पोकळ रबरी बेडूक, म्हणजे फ्रॉग, चालवतात. अशी चटई कितीतरी हेक्टर पसरलेली असते, मग कुठे टाकायचा? होडी थांबवून कान द्यायचा. चटईखाली ब्लूगिल किडे टिपत असतील तर ‘चट्, चट्’ असा बारीक आवाज येतो, भाजीला फोडणी बसल्यासारखा. आवाज नसलेली चटई सोडून द्यावी. आवाज असेल आणि गवतात मधूनमधून टोपलीएवढी भोकं असतील, तर फ्रॉग भोकापर्यंत न थांबता आणायचा, भोकात दोन-तीन सेकंद नुसता हलवत ठेवायचा, मग पुढे.

दुसरी दुपारची जागा मोकळ्या पाण्यात. बास टोळी करून शॅडचा थवा खालून दाबत पृष्ठभागापर्यंत आणतात आणि पाणी उकळल्यासारखं होतं. हे मिनिटभरच टिकतं. वॉकिंग बेट, म्हणजे झटक्यांनी नागमोडी चालणारा ल्यूर, बांधलेला रॉड हाताशी तयार हवा. फेक गर्दीच्या पलीकडे टाकून आत आणावी, डोक्यावर टाकली तर थवा फुटतो. टेनेसी नदीवरच्या धरणांत वीजनिर्मितीसाठी पाणी सुटलं की प्रवाह चालू होतो आणि हे खेळ सुरू होतात. तिथे घड्याळापेक्षा पाणी सोडण्याचं वेळापत्रक कामाचं.

आणि एक अपवाद सगळे नियम मोडतो. जॉर्जिया-साउथ कॅरोलिनाच्या हार्टवेल, क्लार्क्स हिल यांसारख्या तलावांत ब्लूबॅक हेरिंग हा मासा हेच मुख्य खाणं आहे. हेरिंग उन्हातही वर फिरतो. त्यामुळे तिथले बास लख्ख दुपारी, ५ ते ८ मीटर पाण्यातून, वेगाने चाललेल्या वॉकिंग बेटवर येतात. खाणं वर असेल तर उजेड आडवा येत नाही, हे इथे सरळ दिसतं. नितळ उत्तरी तलावांतला स्मॉलमाऊथही बराचसा असाच: नजरेवर शिकार करणारा, दुरून वर येणारा.

शरद आणि हिवाळा

पाणी २४ अंशांवरून उतरू लागलं की शॅड खाड्यांच्या आतल्या टोकांकडे सरकतात आणि बास त्यांच्या मागे. तलाव मोठा असला तरी मासे थोड्या जागेत गोळा होतात. या दिवसांत शॅड दिसत नसलेल्या खाडीत अर्धा तासही घालवू नये, जागा कितीही देखणी असो. बझबेट, वॉकिंग बेट आणि मागे फिरणारी शेपटी असलेले प्लॉपर हे तिन्ही चालतात. मिसूरी-आर्कान्सा सीमेवरच्या टेबल रॉकसारख्या नितळ तलावात ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी बझबेट नोव्हेंबरपर्यंत चालतं.

मधेच एक वाईट आठवडा येतो. वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खालच्या थराशी मिसळतं आणि तळाचं कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतं. पाणी मळकट हिरवं-तपकिरी दिसतं, तळाचा कचरा तरंगतो, कधी कुजका वास येतो. अशा वेळी वाहतं पाणी येणाऱ्या खाडीच्या टोकाला जावं, तिथे हा उलटफेर कमी जाणवतो.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फ्लोरिडासारख्या ठिकाणी पाणी १६च्या वर राहिलं तर जानेवारीतही मासा वर येतो. बाकी ठिकाणी नाही.

वारा, ढग, पाऊस, दाब

आरशासारखं पाणी दिसायला सुंदर, पण मासा ल्यूर नीट न्याहाळू शकतो. तेव्हा लहान पॉपर, हलका आवाज, लांब थांबे. पृष्ठभागावर बारीक शिरशिरी आणणारा वारा सगळ्यात चांगला: खिडकी मोडते, होडी आणि दोर लपतात, आणि ल्यूरचा खोटेपणाही झाकला जातो. लाटांचे शेंडे पांढरे होऊ लागले की थांबून चालणारे ल्यूर हरवून जातात. तेव्हा बझबेट किंवा प्लॉपर, न थांबता.

पाणी किती नितळ आहे हे पांढरा ल्यूर बुडवून पाहावं. दीड-दोन मीटरपर्यंत दिसत असेल तर मासा ४-५ मीटरवरून येऊ शकतो. ३० सेंटीमीटरला दिसेनासा झाला तर फक्त उथळ पाण्यातला, अगदी जवळचा मासा येईल. त्याला शरीराच्या दोन्ही बाजूंच्या संवेदी रेषेने पाण्याचा हेलकावा जाणवतो, म्हणून आवाज आणि हालचाल एकसारखी हवी. रात्रीचाही नियम हाच. काळा ल्यूर, सरळ रेषा, ठरावीक लय, म्हणजे माशाला पुढचा ठोका कुठे पडणार हे कळतं. थांबत-थांबत चालवलेल्या ल्यूरवर रात्री नेम चुकतो.

थंड हवेची लाट येण्याआधी, ढग दाटताना, मासा खवळतो. ती गेल्यावर निळंभोर आकाश आणि उत्तरेचा वारा आला की एक-दोन दिवस बंद. याचं कारण हवेचा दाब असं सर्रास सांगतात. पण हिशोब करा: १ हेक्टोपास्कल दाब म्हणजे पाण्याचा जवळपास १ सेंटीमीटर थर. मोठ्या वादळी पट्ट्यात दाब २० हेक्टोपास्कलने बदलला, तर तो माशाने वीतभर वर-खाली होण्याइतकाच. एवढा बदल तो दिवसातून शंभरदा स्वतःच करतो. आमच्या मते उजेड, वारा आणि उथळ पाण्याचं घसरलेलं तापमान यांनीच बराचसा खुलासा होतो. बॅरोमीटरपेक्षा आकाश पाहावं. हलका पाऊस चांगला. विजा दिसल्या तर पाण्यातून बाहेर, कारण हातातला ग्राफाइटचा रॉड वीज वाहतो.

धडक बसली, मासा का नाही लागला

पाण्यावरच्या ल्यूरचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. बास भक्ष्य चावत नाही, आत ओढतो: तोंड आणि कल्ले झटक्यात उघडून पाण्यासकट शोषून घेतो. तरंगणाऱ्या ल्यूरखाली पाणी आणि वर हवा, त्यामुळे ओढ अर्धी वाया जाते. त्यात दोर ताणलेला असेल तर ल्यूर आत जाऊच शकत नाही. म्हणून वॉकिंग बेट चालवताना प्रत्येक झटक्यानंतर दोर सैल सोडायचा. नागमोडी चालही त्यानेच येते. धडक दिसताच हिसका देणं ही दुसरी चूक. हातात वजन जाणवेपर्यंत रील फिरवत राहा, मग तीन टोकांच्या गळांना आडवी, लांब ओढ पुरते. फ्रॉगला मात्र रॉड खाली करून, सैल दोर गोळा करून, पूर्ण ताकदीने वर.

फ्रॉगचे दोन गळ अंगाला चिकटलेले असतात. पकडीने प्रत्येकी किंचित, ५-१० अंश, बाहेर वाकवले तर मासे सुटण्याचं प्रमाण कमी होतं. जास्त वाकवले तर गवत अडकतं. पोटात पाणी भरून तो मागून बुडू लागला तर दर काही फेकींनी दाबून पाणी काढावं.

दोर चुकला तर बाकी सगळं वाया. फ्लुरोकार्बनचा दोर पाण्याच्या पावणेदोनपट जड असतो, बुडतो आणि पॉपरचं नाक खाली ओढतो. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, तरंगते, पण मऊ असल्याने पुढच्या गळाला गुंडाळते. उपाय: ३० ते ४० पौंडी (एवढ्या ओढीपर्यंत न तुटणारी) ब्रेड आणि टोकाला १५ ते २० पौंडी मोनोफिलामेंटचा, म्हणजे एकपदरी नायलॉनचा, हातभर तुकडा, तो कडक असल्याने गुंडाळत नाही. फ्रॉगला ५० ते ६५ पौंडी सरळ ब्रेड, सव्वादोन मीटरचा ताठ रॉड. वॉकिंग बेटला २ ते २.१ मीटरचा, टोकाला मऊ. बझबेटवर मासे मागून ढुशी देत असतील तर मागे एक जादा गळ जोडावा.

धडकेचा प्रकारही वाचता येतो. शेपटीने फटकारून पाणी उडवलं, ल्यूर हवेत उडाला, तर मासा चिडलेला आहे पण खात नाही. अशा वेळी ल्यूर लहान करा किंवा थांबे वाढवा. मागे फुगवटा येतो आणि वळतो, तर वेग बदला. आणि कधी आवाजच होत नाही, ल्यूर फक्त दिसेनासा होतो, जागी नाण्याएवढी खळी उरते. लहान मासा समजून ढिलाई करू नये, मोठे बास बऱ्याचदा असेच घेतात.

चुकलेल्या माशासाठी दुसरा रॉड तयार ठेवावा: १३ सेंटीमीटरचं मऊ प्लास्टिकचं स्टिक बेट, वजन न लावलेलं. पाणी फुटलेल्या वर्तुळात ते ५ ते १० सेकंदांत पडलं पाहिजे. पडल्यावर दोर सैल ठेवून ते आपोआप बुडू द्यावं आणि नजर दोरावर ठेवावी. तो बाजूला सरकू लागला की मासा तोंडात घेऊन निघालेला असतो.